व्हिडिओ सुरळीत झाला, पैसे गेले

लॅपटॉपवर व्हिडिओ अडकतोय म्हणून कुणाचा ‘कस्टमर केअर नंबर’ शोधत असाल, तर फोन लावण्याआधी हे वाचा.

माझी आत्या मिरजेला एकटी राहते. शिक्षिका होती, आता निवृत्त आहे. संध्याकाळी यूट्यूबवर जुन्या मैफली लावून बसायचं, हा तिचा नेम. काही दिवस चित्र झटके देत पुढे सरकत होतं, आवाज आधी यायचा आणि गायकाचे ओठ मागाहून हलायचे. तान समेवर यावी आणि नेमकं तिथेच चित्र थिजावं, म्हणजे मिरजेच्या माणसाचं डोकं फिरणारच. तिने इंटरनेटवर मदतीचा नंबर शोधला. सगळ्यात वर एक नंबर आला. त्याच्याशेजारी बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं होतं. असली अक्षरं कोण वाचतं! ब्राउझर फुकट मिळतो, यूट्यूबही फुकट बघतो. चित्र का अडकतं हे सांगायला तिकडे फोनवर कुणी बसलेलं नसतं. तसा नंबर दिसला की तो दुसऱ्याच कुणाचा तरी असतो.

पलीकडचा मुलगा अदबीने हिंदीत बोलत होता. त्याने एनीडेस्क उतरवून घ्यायला लावलं आणि स्क्रीनवरचा नऊ आकडी क्रमांक विचारला. एनीडेस्क हे अ‍ॅप खोटं नाही, कित्येक ऑफिसांत वापरतात. पण तो क्रमांक देऊन समोरच्याला होकार दिला की आपला माऊस त्याच्या हातात जातो. २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने याच अ‍ॅपवरून बँकांना सावध केलं होतं.

पुढचा खेळ नीट समजून घ्या, कारण तो सगळीकडे असाच चालतो. त्याने विंडोजमधला ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडला. लाल गोळे, पिवळे त्रिकोण, शेकड्याने ‘एरर’. ही संगणकाची रोजनिशी असते. अमुक सेवा उशिरा सुरू झाली, तमुक उपकरण सापडलं नाही, असल्या किरकोळ नोंदी तिच्यात असतात आणि त्या धडधाकट मशीनवरही भरपूर सापडतात. मग काळ्या खिडकीत ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा दिली आणि ‘फॉरेन अ‍ॅड्रेस’ या रकान्यावर बोट ठेवलं. ‘मॅडम, ये सब फॉरेन के हॅकर बैठे हैं.’ फॉरेन अ‍ॅड्रेस म्हणजे फक्त जोडणीचं पलीकडचं टोक. साधी बातम्यांची साइट उघडली तरी तिथे आकडे दिसतात. आत्याने आयुष्यभर भूगोल शिकवला, तिने फॉरेनचा अर्थ परदेशच घेतला. चार हजार नऊशे नव्व्याण्णव रुपयांचा ‘वार्षिक सुरक्षा प्लॅन’ तिने यूपीआयने भरला.

आणि व्हिडिओ खरोखर नीट झाला! त्याने व्हिडिओखालच्या चाकाच्या चिन्हावर जाऊन दर्जा १०८०पी वरून ४८०पी वर आणला होता, एवढंच. चित्र जरा धूसर झालं, पण पळायला लागलं. माझ्या मते खरी फसवणूक इथे झाली. आजार बरा करून दाखवला म्हटल्यावर डॉक्टरवर कोण शंका घेणार? आत्याने मला हे सांगितलंसुद्धा नाही, कारण तिच्या लेखी सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

काही आठवड्यांनी त्याच लोकांचा फोन आला. कंपनी बंद होतेय, पैसे परत करायचेत, तेवढं नेटबँकिंग उघडून बघा. लॅपटॉपचा ताबा अजून त्यांच्याकडेच होता. आत्याने खातं उघडलं, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि शिल्लक साठ हजारांनी वाढलेली दिसली. मुलगा रडवेला होऊन म्हणाला, सहा हजारांऐवजी साठ गेले, माझी नोकरी जाईल, वरचे परत पाठवा. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून समोरच्या पानावरचा कुठलाही आकडा बदलता येतो. बँकेत काही हलत नाही, पान रिफ्रेश केलं की जुना आकडा परत येतो. आत्याने विचारलं, ‘मेसेज कसा नाही आला?’ उत्तर मिळालं, सर्व्हर स्लो आहे. तिने वीस हजार पाठवले. त्याचा मेसेज मात्र लगेच आला आणि त्यात उरलेली शिल्लक होती. पेन्शनचा हिशोब पैशापैशाने ठेवणारी बाई ती, आकडा जुळत नाही हे तिने तिथेच ओळखलं. फोन कापला आणि मला लावला.

मी तिला आधी वायफाय बंद करायला सांगितलं, मग १९३० वर फोन करायला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे आणि तिथे मिनिटांना किंमत असते, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत जातात. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराला मिळणारा ओळख क्रमांक), वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. वीसपैकी काही हजार पुढच्या खात्यात गोठवले गेले, ते अजून मिळायचेत. पिन तिने स्वतः टाकलेला, त्यामुळे बँकेशी भांडायला फारशी जागा नाही.

मूळ दुखणं काय होतं? लॅपटॉपमधला प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा, म्हणजे जुना. यूट्यूब बरेचसे व्हिडिओ व्हीपी९ या पद्धतीने दाबून लहान करून पाठवतं आणि ते उलगडण्याची पूर्ण सोय इंटेलच्या चिपमध्ये सातव्या पिढीपासून आली. त्याआधीच्या मशीनवर बरंचसं ओझं मुख्य प्रोसेसरवर पडतं. त्यात ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टिम’खालचं ग्राफिक्स अ‍ॅक्सेलरेशन, म्हणजे चित्राचं काम ग्राफिक्स चिपवर सोपवायची सोय, बंद होतं. ते चालू केलं, दर्जा ७२०पी ठेवला, एक पैसाही लागला नाही. तुम्हाला तपासायचं असेल तर चालू व्हिडिओवर उजवं क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. ‘बफर हेल्थ’ (पुढचा किती व्हिडिओ आधीच उतरलाय तो आकडा) शून्याकडे घसरत असेल तर नेट मंद आहे. बफर भरलेलं असूनही ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ (दाखवायची राहून गेलेली चित्रं) वाढत असतील तर मशीन दमतंय. व्हिडिओवर ‘फ्लॅश अपडेट करा’ अशी पाटी आली तर ती सरळ बंद करा, फ्लॅश हे व्हिडिओ चालवायचं जुनं सॉफ्टवेअर २०२० च्या अखेरीस संपलं.

घरात कुणी असा ताबा आधीच देऊन बसलं असेल, तर नुसता फोन कापून भागत नाही. एनीडेस्कमध्ये मालक समोर नसतानाही आत येण्यासाठी वेगळा पासवर्ड ठेवता येतो आणि आत्याच्या लॅपटॉपवर तो त्यांनी ठेवला होता. आम्ही तिचे नेटबँकिंग आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्याच फोनवरून बदलले आणि विंडोज नव्याने टाकून घेतलं. त्या नंबरची तक्रार सरकारच्या दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर, संशयास्पद कॉलच्या तक्रारींसाठी असलेल्या ‘चक्षू’वरही नोंदवली आहे.