अँजेन्यू 12-120 झूम: तीन कॅमेऱ्यांवर आठ महिने वापरल्यावर

ऑगस्टपासून अँजेन्यू या फ्रेंच कंपनीची ही जुनी झूम लेन्स माझ्याकडे आहे, 16 एमएम फिल्म कॅमेऱ्यासाठीची, 12 मिमी (वाइड) ते 120 मिमी (क्लोजअप), एफ 2.2 पर्यंत उघडणारी, आरी या जर्मन कॅमेरा कंपनीच्या स्टँडर्ड माउंटवाली (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते तो भाग). घेताना एकच वाक्य ऐकायला मिळालं होतं, "आरीची आहे ना, मग कुठल्याही आरीवर बसेल." बसते, त्यात खोटं काही नाही. माझा एसआर 2, आरीचाच 16 एमएम कॅमेरा, बायोनेट माउंटचा आहे, त्यात स्टँडर्ड माउंटची लेन्स सरळ जाते, काही लावावं लागत नाही, आणि त्या कॅमेऱ्यावर ही लेन्स मला खरंच मनापासून आवडलीये, कातडीचा रंग इतका मऊ येतो की दुसरी लावावीशी वाटत नाही.

घोळ झाला तो मित्राच्या एसआर 3 वर. त्याला पीएल हा आरीचाच वेगळा माउंट, म्हणून मी एका दुकानातून स्टँडर्ड टू पीएल ॲडॉप्टर घेतला. स्टँडर्ड, बायोनेट, पीएल, तिन्हींचं माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर 52 मिमीच, मग काळजी कसली असं वाटलं आणि थेट वरळी कोळीवाड्यात पहाटे शूट लावलं, 400 फुटांचं मॅगझिन (फिल्मचा डबा), म्हणजे सेकंदाला 24 फ्रेमने जेमतेम 11 मिनिटं. एक मावशी सुकट निवडत बसलेल्या, मी आठ फुटांवर, 120 ला जाऊन डोळ्यांवर फोकस घेतला, मग सावकाश 12 पर्यंत मागे आलो. निगेटिव्ह धुऊन, स्कॅन होऊन आली तेव्हा पोटात गोळा आला, क्लोजअपमध्ये पापणी न पापणी मोजता येतेय आणि वाइड झाल्यावर मावशींचा चेहरा मऊ, मागच्या होड्या आणि सी लिंकच्या तारा मात्र कडक. तो चेहरा परत मिळणार नाही याचं अजून वाईट वाटतं.

आमच्या बिल्डिंगमधले एक काका, आयुष्यभर कॅमेरा अटेंडंट म्हणून काम केलेले, त्यांनी स्कॅन बघून लगेच विचारलं, "वाइडला गेल्यावर परत फोकस बघितलास का रे?" नव्हता बघितला, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये 12 ला सगळंच बारीक दिसतं, कळत नाही. मग ॲडॉप्टर मोजून घेतला, कॅमेरा बरोबर 52.00 आणि ॲडॉप्टर लावून 51.95. केसाच्या जाडीएवढाही फरक नाही, पण 12 ला आठ फुटांवरचा फोकस तेवढ्यानेच जवळपास इन्फिनिटीला, म्हणजे अगदी लांबवर, जाऊन बसतो. 120 ला हीच चूक लपते, कारण तिथे तुम्ही डोळ्याने रिंग फिरवून भरून काढता. टेक्निशियनने पातळ शिम (अंतर वाढवणारी चकती) घालून दिली, कॉलिमेटरवर, म्हणजे फोकस तपासायच्या यंत्रावर, लावून बघितलं, आता पूर्ण झूमभर फोकस धरून राहतो.

दुसरी गोष्ट, एसआर 3 सुपर 16 वर होता. सुपर 16 ची फ्रेम सुमारे 12.5 मिमी रुंद, साध्या 16 ची 10.26, आणि ही लेन्स बनली त्या लहान फ्रेमसाठी, त्यामुळे वाइडला कोपरे काळे येतात, थोडं आत झूम केलं की साफ. यावर शिम वगैरे काही उपाय नाही, सुपर 16 करणार असाल तर दुसरी लेन्स बघा.

तिसरा कॅमेरा बोलेक्स, त्याला सी माउंट हा वेगळा माउंट, त्याचा ॲडॉप्टर लावून एक रोल काढला. रिफ्लेक्स (लेन्समधूनच बघायच्या) बोलेक्समध्ये लेन्स आणि फिल्मच्या मध्ये प्रिझम असतं, म्हणून 50 मिमीच्या आतल्या लेन्स आरएक्स खुणेच्या वेगळ्या बनवायचे. साधी लेन्स पूर्ण उघडी ठेवली की चित्र धुरकट येतं, मी लेन्स एफ 5.6 पर्यंत बारीक करून काढलं आणि चाललं. शिवाय लेन्स जड, हँडहेल्ड नकोच.

पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल घालून ठेवली, दर रविवारी टॉर्च मारून बघत होतो, बुरशी नाही. घेताना तुम्हीही टॉर्च माराच, आणि शक्य असेल तर लेन्स, ॲडॉप्टर, कॅमेरा तिन्ही एकत्र घेऊन कॉलिमेटरवाल्याकडे जा, नुसती लेन्स नेऊन उपयोग नाही. मी पुढच्या महिन्यात परत कोळीवाड्यात जातोय, या वेळी माझा स्वतःचा एसआर 2 घेऊन, मावशींना तसं सांगून आलोय.