अनवाणी नवरात्र, स्प्लेंडरची रबरं आणि काकांचं दुकान

माझं नवरात्र अनवाणी असतं. आधी हे सासूबाईंचं होतं, त्या गेल्यापासून गेली 11 वर्षं मी धरते. घटस्थापनेला चप्पल फळीवर ठेवली की ती दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावरच खाली येते. पण पिग्मीचं, म्हणजे दुकानादुकानातून रोजची बचत गोळा करायचं, काम काही घटासाठी थांबत नाही. पतसंस्थेसाठी मी सोलापुरात मधला मारुती, मंगळवार पेठ, चाटी गल्ली, कुंभार वेस या भागातली रोज 70 तरी दुकानं करते. म्हणजे 70 वेळा गाडी उभी करायची, स्टँड लावायचं, उतरायचं, परत बसायचं. गाडी आमच्या ह्यांची जुनी स्प्लेंडर. पायात चप्पल असते तेव्हा फूटरेस्टला रबर आहे की नाही याकडे आपलं लक्षही जात नाही. अनवाणी बसलं की पहिल्याच दिवशी तळवा सगळं सांगतो.

2025 चं नवरात्र एक दिवस वाढलं होतं. 22 सप्टेंबरला घट बसले आणि दसरा आला 2 ऑक्टोबरला. पहिल्याच दिवसांत पाऊस धो धो, सीना नदीला पूर. त्याच्या थोडं आधी मी एका मोठ्या दुकानातून फूटरेस्टची नवी रबरं घातली होती. दिसायला छान, चकचकीत, हाताला मऊ. तिसऱ्या माळेला कुंभार वेशीजवळ रिक्षा आडवी आली, मी ब्रेक दाबला आणि पायाखालचं डावं रबर दांडीवर गोल फिरलं. पाय घसरून खाली गेला, फूटरेस्टचं लोखंड घोट्याच्या आत लागलं. गाडी पडली नाही, पण रक्त आलं. घरी येऊन पाय धुतले तर दोन्ही तळवे काळे, रबराचा रंग उतरलेला. दुकानदाराकडे गेले तर म्हणाला, पावसात असं होतंच.

मग शेजारच्या शिलाईवाल्या ताईंनी मला काकांकडे पाठवलं. दुकान टिळक चौकाजवळच्या एका बोळात आहे. पाटीवरची अक्षरं कधीच पुसली गेली आहेत, सगळे त्याला काकांचं दुकान म्हणूनच ओळखतात. काका पोऱ्याशी तेलुगूत बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठीत. मी काही सांगायच्या आत त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि विचारलं, "माळ कितवी, ताई?"

आधी त्यांनी माझं ते चकचकीत रबर काढून अंगठ्याने दाबून दाखवलं. "मऊ म्हणजे चांगलं नव्हं, ताई. दांडीला घट्ट धरंल ते चांगलं." त्यांच्याकडचं रबर हाताला कडक लागतं. वरच्या रेघा उभ्या-आडव्या, खोल. आतून भोक दांडीपेक्षा जरासं लहान, त्यामुळे ते सहज चढतच नाही. पोऱ्याने समोरच्या टपरीवरून उकळतं पाणी आणलं, रबर त्यात टाकलं, दांडीला थोडंसं साबणाचं पाणी लावलं आणि फडक्यात धरून पिळत पिळत चढवलं. तेल लावलं असतं तर चटकन गेलं असतं, पण मग पुढे फिरत राहिलं असतं, हे त्यांनीच सांगितलं. गार झाल्यावर मी दोन्ही हातांनी जोर लावून बघितला. हललं नाही. त्यानंतरचे सगळे दिवस पावसाचे होते आणि एकदाही पाय घसरला नाही. जोडी 130 रुपयांना, बसवायचे वेगळे काही घेतले नाहीत.

खरी गोष्ट गिअरची आहे. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात आणि कमी करायचे तर टाचेने लिव्हरचं मागचं टोक दाबायचं. अनवाणी माणसाला यापेक्षा सोयीचं काही नाही. माझ्या भावाच्या गाडीचा गिअर खालून बोटांनी उचलावा लागतो. ती मी अनवाणी एकदाच चालवली, संध्याकाळपर्यंत अंगठ्याच्या नखामागची कातडी सोलून निघाली. ज्यांची गाडी तशी आहे त्यांनी या दिवसांत ती घरी ठेवलेली बरी, किंवा गिअर नसलेली स्कूटर घ्यावी.

पण दाबायच्या गिअरलाही माझी एक अडचण होती आणि ती कुठल्या मेकॅनिकला सांगायची म्हणजे संकोच वाटायचा. जोडवी. गिअरच्या पुढच्या रबराची टोपी झिजली होती, आतलं लोखंड उघडं. दाबताना दुसऱ्या बोटातलं जोडवं त्यावर घासायचं, वाकायचं आणि बोटाला चावायचं. चार वर्षांपूर्वी एक जोडवं असंच चपटं झालं होतं, सोनाराकडे जाऊन कापून काढावं लागलं. काकांनी न सांगता ते ओळखलं. पुढे-मागे दोन्ही टोकांना नवी रबरं घातली, पुढचं जरा लांब निवडलं आणि म्हणाले, "बोटानं नको, बोटांच्या मागच्या गादीनं दाबायचं." मी तिथेच बोळात गाडीवर बसून दहा वेळा दाबून बघितलं. जोडवं लिव्हरला लागतच नाही.

साइड स्टँडचं काम मला सगळ्यांत आवडलं. पायाने ढकलायचा जो लोखंडी दांडा असतो, त्याच्या टोकाला धारदार कड उभी राहिली होती. काकांनी ती कानशीने घासली आणि वर पेट्रोलच्या पाइपचा दोन बोटं तुकडा ठोकून बसवला. 70 वेळा स्टँड लावणाऱ्या बाईसाठी तेवढ्या तुकड्याची किंमत काय, हे मीच सांगू शकते. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

ब्रेकच्या पायडलवर मला जाड काहीतरी गुंडाळून हवं होतं. त्याला ते तयार झाले नाहीत. जाड केलं तर ब्रेक किती लागला ते तळव्याला कळत नाही, म्हणाले. सायकलच्या जुन्या ट्यूबची एकच पट्टी ओढून चढवली. त्यांचं बरोबर होतं.

चाटी गल्लीत सणाच्या दिवसांत मोटारसायकल शिरत नाही, तिथे मी मुलाची सायकल नेते. तिला पत्र्याची दातेरी पायडलं होती. बुटांना ती छान धरतात, अनवाणी तळव्यात रुततात. काकांनी जुन्या दूधवाल्यांच्या सायकलींना असतात तशी रबरी ठोकळ्यांची पायडलं दिली, 220 रुपये जोडी. ती मुलाने घरी बसवायला घेतली आणि डावं काही केल्या बसेना. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते नेहमीसारखं फिरवलं तर सुटतं, हे त्याला तेव्हा कळलं. नशीब, जोर लावून आटे खराब केले नाहीत.

एक गोष्ट मनापासून सांगते. अनवाणी गाडी चालवणं धोक्याचं आहे आणि कुठलंही रबर तो धोका पूर्ण काढत नाही. मी पेठेतच फिरते, तिशीच्या वर वेग नेत नाही, हेल्मेट घालतेच. कोजागरीला तुळजापूरला जाते तेव्हा गाडी घरी असते, सगळ्यांबरोबर पायी जाते. व्रत पायांचं आहे, हमरस्त्यावर पोरांना आईविना करायचं नाही. दंडाची भीती मात्र घालू नका. 2019 ला नवीन कायदा आला तेव्हा चप्पल घालून गाडी चालवली तरी दंड होतो असं पसरलं होतं, गडकरींच्या कार्यालयानेच ते खोटं असल्याचं सांगितलं.

दुकानाच्या उणिवाही आहेत. पावती मिळत नाही. फोनवरून पैसे घेत नाहीत, रोख न्यावे लागतात. जागा इतकी अरुंद की एक गाडी लागली की दुसऱ्याने रस्त्यावर थांबायचं, आणि अनवाणी थांबायचं तर तिथे खिळे, वॉशर, तारा पडलेल्या असतात. हे मी काकांना बोलले. दुसऱ्या दिवशी पोऱ्याने दारात गोणपाट अंथरलं होतं.

दुपारी 1 ते 4 बंद असतं. घट बसायच्या आठवडाभर आधी जा, त्यानंतर ज्योत आणायला तुळजापूरला जाणाऱ्या पोरांच्या गाड्यांची रांग लागते. जाताना जुनं रबर बरोबर न्या, काका मापाला मागतात.