छतातल्या खिडकीभोवतीची पट्टी : सागवान, पीव्हीसी की जिप्समची साधी कड?

उतरत्या छपरात नवी खिडकी बसली, बाहेरून फ्लॅशिंग (चौकटीभोवती पाणी अडवणारा पत्रा) लागले आणि कौले पुन्हा जागेवर आली, तरी आतल्या बाजूने काम अर्धेच झालेले असते. खोलीतून वर पाहिले की कुठे स्लॅबची कापलेली कड दिसते, कुठे वाशाचे टोक, तर कुठे चौकटीच्या कडेने बाहेर आलेला फोम. चौकटीपासून छतापर्यंतचा हा गाळा, म्हणजे छपराच्या जाडीतली मोकळी पोकळी, आतून अस्तराने मढवून त्याभोवती सुबक पट्टी फिरवायची असते आणि त्यासाठी आपल्याकडे मुख्यतः तीन पर्याय समोर येतात: सागवानी पट्टी, पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाची) तयार पट्टी, आणि पट्टी अजिबात न लावता जिप्सम बोर्डाची सरळ, रंगवलेली कड. तिन्ही छान दिसू शकतात. म्हणूनच निवड करताना दिसण्याच्या आधी एक प्रश्न विचारावा, असे माझे ठाम मत आहे: उद्या गळती शोधायची वेळ आली, तर हे काम न तोडता उघडता येईल का?

हा प्रश्न आपल्या हवामानातूनच येतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि कोकणात व घाटमाथ्यावर वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस कौलांच्या सांध्यांतून वर चढतो. छपरात शिरलेले पाणी जिथे शिरले तिथेच क्वचित दिसते. ते वाशावरून किंवा स्लॅबच्या पोटाखालून वाहत येते आणि बहुतेक वेळा खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात पट्टीवर डाग होऊन उमटते. तो डाग खिडकीच्या फ्लॅशिंगचा आहे की वरच्या ओळीतल्या फुटक्या कौलाचा, हे पट्टी आणि अस्तर काढल्याशिवाय कळत नाही. पट्टी कायमची चिकटवलेली असेल, तर दर वेळी तपासणीचा खर्च म्हणजे नव्या पट्टीचा खर्च होऊन बसतो.

साहित्याकडे वळण्याआधी गाळ्याचा आकार पाहणे आवश्यक आहे, कारण तो चुकला तर कोणतीही पट्टी नीट बसत नाही. छतातल्या खिडक्या बनवणाऱ्या व्हेलक्ससारख्या कंपन्या सुचवतात ती पद्धत अशी की आतल्या अस्तराची वरची बाजू जमिनीला समांतर आणि खालची बाजू ओळंब्यात उभी ठेवावी; त्यामुळे उजेड खोलीत पसरतो आणि काचेवरून हवा खेळती राहते. छपराचा उतार 30 अंश आणि जाडी 20 सेंटिमीटर धरली, तर वरचे अस्तर सुमारे 40 सेंटिमीटर आणि खालचे सुमारे 23 सेंटिमीटर रुंद होते. छताच्या पृष्ठभागाशी वरचे अस्तर 150 अंशांचा कोन करते, खालचे 120 अंशांचा, आणि फक्त दोन्ही बाजूंना काटकोन मिळतो. काँक्रीटचा स्लॅब आधीच टाकलेला असेल, तर मात्र अशी पसरट कड काढण्यासाठी तो फोडू नये, कारण त्यात सळया असतात. तेथे गाळा स्लॅबला काटकोनातच ठेवावा लागतो आणि खालची बाजू किंचित वर तोंड करून राहते. धूळ आणि खिडकी उघडी राहिल्यास येणारे शिंतोडे आधी तिथेच बसतात, एवढे लक्षात ठेवावे.

सागवानापासून सुरुवात करतो, कारण त्याच्याबद्दल सांगण्यासारखे सर्वांत जास्त आहे. सुतार अस्तराची कड रंध्याने हव्या त्या कोनात उतरवू शकतो, त्यामुळे 150 आणि 120 अंशांचे कोपरे लाकडात अडचणीचे ठरत नाहीत. जुन्या सागाच्या गाभ्याला वाळवीही सहसा लागत नाही. गाभ्याबाहेरचा पांढरट भाग असलेली फळी मात्र घेऊ नये, कारण तिच्यात हा गुण नसतो. सागाचे आकसणे-फुगणे इतर अनेक लाकडांपेक्षा कमी असले, तरी ते शून्य नसते. 75 मिलिमीटर रुंदीची पट्टी कोरड्या मे महिन्यापासून ओल्या जुलैपर्यंत रुंदीत साधारण अर्धा ते एक मिलिमीटर फुगू शकते; लांबीत ती जवळजवळ हलत नाही.

या लहानशा हालचालीचा परिणाम कोपऱ्यात उठून दिसतो. पट्ट्या 45 अंशांत कापून जोडल्या असतील, तर पावसाळ्यात त्या फुगल्यावर आतल्या टोकाला एकमेकींना दाबतात आणि बाहेरच्या टोकाला फट पडते; उन्हाळ्यात आकसल्यावर तीच फट आतल्या टोकाला सरकते. त्यात पुट्टी भरणे व्यर्थ आहे, कारण पुढच्या ऋतूत ती भुग्यासारखी गळून पडते. त्यापेक्षा जुन्या चौकटींप्रमाणे वरची पट्टी दोन्ही उभ्या पट्ट्यांवरून आडवी घ्यावी आणि तिची टोके दहा-बारा मिलिमीटर बाहेर काढावीत. अशा सरळ सांध्यात लाकूड हलले तरी डोळ्याला खटकत नाही, आणि ही रचना मला 45 अंशांच्या जोडापेक्षा अधिक देखणीही वाटते. दुसरी काळजी म्हणजे पट्टी अस्तराच्या कडेशी अगदी सपाट न लावता चार-पाच मिलिमीटर मागे घ्यावी. त्या बारीक पायरीत गाळ्याचा थोडाफार वाकडेपणा जिरून जातो.

सागाला साधे लोखंडी खिळे मारू नयेत, कारण ओल लागली की खिळ्याभोवती लाकूड काळे पडते आणि तो डाग पॉलिशखालूनही दिसत राहतो. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत आणि त्यांची डोकी लपवण्याचा हट्ट धरू नये. समान अंतरावर बसवलेले पितळी स्क्रू शोभतात, आणि मुख्य म्हणजे पट्टी उघडण्यासाठी पेचकस पुरेसा होतो.

पीव्हीसीच्या पट्ट्यांचा मोठा गुण असा की त्यांना पाण्याचे भय नाही, वाळवी लागत नाही आणि पॉलिश करावे लागत नाही. स्लॅबमधल्या काटकोनी गाळ्याला तयार एल आकाराची पट्टी झटपट बसते. पण पसरट गाळ्यात हीच पट्टी वर आणि खाली उपयोगाची राहत नाही, कारण ती 90 अंशांत घडवलेली असते. जबरदस्तीने दाबून बसवली, तर एक कड कायम उचललेली दिसते. शिवाय पीव्हीसी ओलीने हलत नसले तरी उष्णतेने हलते, आणि तेही लांबीच्या दिशेने. सव्वा मीटरची पट्टी 30 अंश तापमानवाढीला दोन मिलिमीटरच्या आसपास लांबते. काचेतून थेट ऊन पडणाऱ्या जागी, विशेषतः गडद रंगाच्या किंवा लाकडी नक्षीच्या पट्टीत, एवढा फरक एप्रिल-मेमध्ये सहज पडतो. टोकांना जागा सोडली नसेल तर पट्टी मध्ये फुगते आणि चिकटवली असेल तर सुटते. हा पर्याय घ्यायचा असेल, तर पांढरी किंवा फिकी पट्टी घ्यावी, कोपऱ्यांत फट सोडून ती रंगाच्या सीलंटने भरावी आणि पट्टी चिकटवण्याऐवजी खाचेत दाबून बसणारा प्रकार निवडावा. डब्ल्यूपीसी स्क्रू अधिक घट्ट धरते आणि त्याची कड रंध्याने थोडी उतरवताही येते, म्हणून या दोहोंमध्ये मी त्याला झुकते माप देईन.

जिप्समचा पर्याय दिसायला सर्वांत शांत असतो. पट्टी नाही, सांधा नाही, छताचाच पांढरा रंग वळून थेट खिडकीच्या चौकटीपर्यंत जातो. लहान खोलीत याने उजेड वाढल्यासारखा भासतो, कारण मध्ये नजर अडवणारी रेघच नसते. 12.5 मिलिमीटरचा, ओल सोसणारा हिरव्या कागदाचा बोर्ड, कडांना धातूची कॉर्नर बीड (कोपरा सरळ राखणारी पट्टी), सांध्यांवर टेप आणि वर पुट्टी असे हे काम असते. बोथट कोनासाठी वाकवता येणारी बीड मिळते, त्यामुळे 150 अंशांची कडही स्वच्छ निघते. चौकटीला बोर्ड भिडतो तिथे मात्र पुट्टी भरू नये. दोन्हींची हालचाल वेगळी असल्यामुळे तिथे केसासारखी चीर पडतेच. त्या जागी ॲक्रिलिक सीलंट भरावे, कारण त्यावर रंग चढतो, साध्या सिलिकॉनवर तो चढत नाही.

जिप्समची उणीव तीच, जिच्यापासून आपण सुरुवात केली. ते उघडता येत नाही, कापावेच लागते, आणि हिरवा बोर्डसुद्धा दमटपणा सोसतो, सतत झिरपणारे पाणी नाही. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा देशावरच्या भागात, जिथे छपराची बाहेरची बाजू सहज तपासता येते, तिथे मी निःशंकपणे जिप्समच सुचवेन. रत्नागिरी, सावंतवाडी, महाबळेश्वर किंवा गोव्यात मात्र सागवानी पट्टीच घ्यावी. मधला मार्ग म्हणून तीन बाजू जिप्समच्या आणि शिंतोडे झेलणारी खालची बाजू सागाची किंवा डब्ल्यूपीसीची करता येते; ती नीट रंगवली तर वेगळी वाटत नाही.

इंग्लंड-जर्मनीत पोटमाळ्याच्या खोलीत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी हिशेब थोडा बदलतो. तिथे शत्रू पाऊस नसून हिवाळ्यात काचेवर जमणारे दव असते, त्यामुळे पट्टीपेक्षा अस्तरामागचे उष्णतारोधक थर आणि बाष्प अडवणारा पडदा चौकटीला सलग जोडलेला असणे महत्त्वाचे ठरते. ते नीट असेल तर तिथे जिप्समची कड उत्तम टिकते.

साध्या एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) रंगवलेल्या पट्ट्या दुकानात आकर्षक दिसतात, पण कापलेल्या कडेतून पाणी शोषून त्या फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. छताच्या खिडकीपाशी त्या नकोत.

खर्चाबाबत एक गोष्ट विसरली जाते. 78 बाय 98 सेंटिमीटरच्या नेहमीच्या खिडकीला, गाळा पसरट असला तरी, सगळी पट्टी मिळून पंधरा ते अठरा रनिंग फूट लागते. इतक्या थोड्या मालात साग आणि पीव्हीसी यांच्या किमतीतला फरक कारागिराच्या मजुरीपुढे लहान असतो. म्हणून बचत करायचीच असेल तर ती माप नीट घेऊन करावी. दोन्ही कर्ण मोजावेत. त्यांत तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर गाळा गुण्यात (काटकोनात) नाही असे समजून रुंद पट्टी घ्यावी, कारण अरुंद पट्टीत तो तिरकेपणा लगेच उघडा पडतो.

मधल्या अक्षावर फिरणारी खिडकी असेल, तर अस्तर पक्के करण्याआधी पल्ला पूर्ण उलटा फिरवून पाहावा. त्याचा वरचा अर्धा भाग आत येतो आणि जाड पट्टी त्याला अडते. मग काच बाहेरून पुसण्यासाठी पल्ला उलटवताच येत नाही. आणि खिडकी पावसाळ्याआधी बसली असेल, तर पट्टी पहिल्या पावसाळ्यात प्रत्येक बाजूला दोनच स्क्रूंवर ठेवावी, पॉलिश किंवा शेवटचा रंग थांबवावा, मोठ्या सरीनंतर खालचे दोन कोपरे उघडून हाताने चाचपावेत, आणि ऑक्टोबरमध्ये लाकूड व प्लास्टर सुकल्यावरच उरलेले स्क्रू आवळून शेवटचा हात द्यावा.