विमान उडाल्यावर निघायचं की आधीच? साताऱ्याहून आणायला जाताना

"विमान सुटलं की कळव, मग आम्ही गाडी काढतो," हा हिशोब पुण्यात राहणाऱ्याला जमतो, सातारकराला नाही. दिल्लीहून सुटलेलं विमान दोन-सव्वादोन तासांत पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरतं आणि साताऱ्याहून लोहगावला गाडीला तीन तास धरावे लागतात. पट्ट्यावरून बॅगा घ्यायला अर्धा तास गेला, तरी आपण पाव-अर्धा तास मागेच. त्यात नवले पुलावर किंवा हडपसरला अडकलो तर तास सहज जातो.

म्हणून पुण्याला येणाऱ्या देशांतर्गत विमानासाठी तिकिटावरची पोहोचण्याची वेळच धरा आणि तिच्या तीन तास आधी निघा. संध्याकाळी चार ते नऊच्या दरम्यान शहर ओलांडायचं असेल तर चार तास. विमानाला उशीर झाल्याचं घरीच कळलं तर उत्तम. वाटेत कळलं तर थांबायचं कुठे, हा खरा प्रश्न आहे. रात्री उशिराचं विमान असेल तर खेड शिवापूरला चहा घेत थांबा, पुढचा रस्ता मोकळा असतो. दिवसा मात्र तिथे थांबू नका. आधी शहर पार करा आणि विमानतळावरच्या एरोमॉलच्या पार्किंगमध्ये थांबा. पार्किंगचे पैसे जातील, पण विमान उतरलं आणि आपण अजून कात्रजलाच, असं होणार नाही.

मुंबईचं गणित वेगळं. गाडीला साडेपाच-सहा तास लागतात, पण परदेशातून आलेल्याला इमिग्रेशन, बॅगा आणि कस्टम्स उरकून बाहेर पडायला तास-दीड तास लागतो. लंडनचं विमान नऊ तासांच्या आसपास घेतं, त्यामुळे ते उडाल्याचं ॲपवर बघून, जेवूनखाऊन निघालात तरी चालतं. दुबईचं तीन तासांत पोहोचतं. तिथे उड्डाणाची वाट बघितली तर पाहुणे ताटकळणार. उशीर कळला तर खालापूरच्या फूड मॉलला थांबणं सोयीचं.

तारखेत फसगत फार होते. तिकिटावर पोहोचण्याची वेळ १५ तारीख, ००:४० असेल, तर साताऱ्याहून १४ ला संध्याकाळी निघायचं आहे. आणि मुंबई म्हणजे कोणतं, तेही बघा: जुन्या विमानतळाच्या टी-१ आणि टी-२ या दोन टर्मिनलची दारं वेगळ्या रस्त्यांवर आहेत, शिवाय २०२५ पासून उलव्याचं नवी मुंबई विमानतळही सुरू आहे. तिकिटावर एनएमआय, म्हणजे नवी मुंबईचा कोड, असेल तर सहारला, जुन्या विमानतळावर, जाऊ नका.

पुण्याला उतरणारा एकटा मुलगा आणि एकच बॅग असेल, तर गाडी नेऊच नका. त्याने टॅक्सीने स्वारगेटला यावं आणि साताऱ्याची एसटी धरावी. आजी-आजोबा किंवा लहान मूल सोबत असेल तर मात्र गाडीच हवी. व्हीलचेअर सांगितली असेल तर आणखी अर्धा तास धरा, कारण व्हीलचेअरवाल्यांना विमानातून शेवटी उतरवतात.

पार्किंगमधून गाडी कधी काढायची? चाकं टेकल्याच्या फोनवर नाही. बॅगा हातात आल्याचा फोन आला की काढा, कारण दारासमोर गाडी उभी करू देत नाहीत. परदेशातलं सिम इथे चालेलच असं नाही, म्हणून निघण्याआधीच ठरवून ठेवा: बाहेर आल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे, आणि कुठल्या खांबापाशी उभं राहायचं.