सफरचंदाची रोपं म्हणून काड्या पाठवल्या, ८,०३० रुपये गेले

मुळांवरचा चिखल नळाखाली धुतला आणि हातात काथ्या आला. तिरक्या छाटलेल्या काड्यांच्या टोकाला काळ्या दोऱ्याने काथ्याचे तूस गुंडाळून वर चिखल थापलेला. अकराच्या अकरा तशाच! हीच म्हणे 'बेअर रूट', म्हणजे मातीशिवाय उघड्या मुळांची सफरचंदाची रोपं.

आकडे लिहितेच. ५५० ला एक, अकरांचे ६,०५०. कुरिअर ४८०. पार्सल निघाल्यावर 'रोगमुक्त दाखल्याचे' १,५००, डिलिव्हरीनंतर परत मिळणार होते. एकूण ८,०३०.

मी यात नवखी नाही. मुलुंडच्या आमच्या गॅलरीत चिंच आणि उंबर, दोन्ही बोन्साय मीच वाढवलेत. उथळ ट्रेमध्ये विषम संख्येने झाडं, सगळ्यात उंच झाड मध्यापासून जरा बाजूला, असं फळझाडांचं छोटं जंगल करायचं होतं. मुंबईच्या हवेत सफरचंद टिकेल का, हे मी आधीच विचारलं. विकणाऱ्याने 'एचआरएमएन-९९' सांगितलं. कमी थंडीत येणारी ही हिमाचलची जात खरोखरच आहे. मग शंका यावी कशी?

पैसे पाठवताना मात्र स्क्रीनवर नर्सरीऐवजी कुठल्याशा मोबाइलच्या दुकानाचं नाव आलं. तिथेच हात थांबायला हवा होता. विचारलं तर, "ताई, भावाचं खातं आहे, आमचं जीएसटीचं काम चालू आहे." किती आदबीने! आणि महिना मे. बेअर रूट रोपं पानगळ होऊन सुप्तावस्थेत असताना, थंडीतच उपटून पाठवतात. तेही मी बोलून दाखवलं, तर "कोल्ड स्टोरेजमधली आहेत." रोपं तशी ठेवतात, हेही खरंच. प्रत्येक थाप त्याने अशी खऱ्याच्या आधाराने मारली. नाव जुळत नसेल तर एक रुपयाही पाठवू नका, समोरचा कितीही गोड बोलो.

पोलीस ठाण्यात म्हणाले, "माल मिळालाय ना? मग हा दिवाणी मामला." काड्या टेबलावर ठेवल्या, कुणी हात लावून बघितलं नाही. सायबरवाल्यांकडे जा म्हणाले, सायबरवाल्यांनी परत ठाण्यात पाठवलं. बँकेत उत्तर ठरलेलं: पिन तुम्हीच टाकलात. अहो, पिन मीच टाकला, म्हणून तर फसवणूक म्हणतेय! २०१९ च्या कायद्याने ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. पण विरुद्ध पक्षाचा पत्ता मागतात. पत्ता असता तर मी स्वतःच गेले नसते का?

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, चिखल तिथेच धुऊन बघा. पैसे गेल्याचं कळताच आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, रक्कम पुढे वळण्याआधी. पोलीस ठाण्याच्या फेऱ्या नंतर. लहान झाडंच हवीत तर पेरू, डाळिंब, चिकू घ्या, समोर बघून, कुंडीतून काढून मुळं दाखवायला लावून.

आणि असंच काथ्याचं पार्सल कुणाला आलं असेल, तर हजार रुपये गेले असले तरी तक्रार नोंदवा. त्याच खात्यावर चार तक्रारी पडल्याशिवाय ते गोठवणार नाहीत, असं मला तोंडावर सांगितलंय.