वावरात वापरायचा सोनी डब्ल्यू-830: फोटो कुठे बिघडतो, कुठे सुधारतो

सोनीचा सायबरशॉट डब्ल्यू-830 आला 2014 साली. आता तो बहुतेक सेकंडहँडच मिळतो. 20.1 मेगापिक्सेल, 8 पट ऑप्टिकल झूम, हाताची थरथर सावरणारी लेन्स आणि शर्टाच्या खिशात मावेल एवढा आकार. फोटो साफ येत नाही, ही त्याच्याबद्दलची नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा इलाज आपल्याच हातात असतो, दुरुस्तीवाल्याची गरज क्वचितच लागते.

सगळाच फोटो दुधाळ, धुकट दिसत असेल तर लेन्सवर बोटाचा ठसा आहे. लेन्स बाहेर आल्यावर बाजूने तिरपा टॉर्च मारला की तो लगेच दिसतो. दुपट्ट्याने मात्र पुसू नका. काळ्या मातीच्या धुळीत बारीक रेतीचे कण असतात, लेन्सवरचा लेप त्यांनी कायमचा ओरखडतो. आधी रबरी ब्लोअरने हवा मारा, मग मायक्रोफायबरच्या कापडाने मधून कडेकडे हलकेच पुसा. फोटोचा एखादाच कोपरा काळा येत असेल तर लेन्सवरची झाकणाची पाती कचऱ्याने अडकून अर्धवट उघडली आहेत. तिथेही ब्लोअरच वापरा, बोटाने ढकलाल तर पाती वाकतील.

पऱ्हाटीवरच्या गुलाबी बोंडअळीचा फोटो घेताना बहुतेकांची एकच चूक होते. अळी जेमतेम सेंटीमीटरभर, म्हणून ती मोठी दिसावी यासाठी झूम ओढला जातो. या कॅमेऱ्याला झूम मागे असताना सुमारे 5 सेंटीमीटरवरचं फोकस करता येतं, पण पूर्ण झूमला सुमारे दीड मीटर अंतर लागतं. त्यामुळे मागची पानं रेखीव येतात आणि अळी पुसट. झूम पूर्ण मागे घ्या, बोंड 8-10 सेंटीमीटरवर ठेवा, म्हणजे कॅमेऱ्याची सावलीही पडत नाही. फ्लॅश बंद. फांदी दुसऱ्या हाताने धरून बटण अर्धं दाबा आणि हिरवा ठिपका स्थिर झाला की पूर्ण दाबा. ठिपका लुकलुकत असेल तर फोकस लागलेलं नाही, थोडं मागे सरा.

संध्याकाळच्या भजनाचे फोटो दाणेदार येतात, त्याचं कारण कॅमेऱ्याच्या बांधणीतच आहे. सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, तुरीच्या दाण्याएवढा आणि त्यावर 2 कोटी पिक्सेल, म्हणजे एकेकाच्या वाट्याला प्रकाश फारच थोडा येतो. तो कमी पडला की ऑटो मोड आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, चढवतो. प्रोग्राम ऑटोमध्ये जाऊन दिवसा 80 किंवा 100 ठेवा, संध्याकाळी 400 पर्यंत. 800 च्या पुढे चेहऱ्यावरचे बारकावे सारवल्यासारखे होतात. अंधारात झूमही टाळा. झूम मागे असताना लेन्सचं छिद्र एफ 3.3 असतं, पूर्ण झूमला एफ 6.3 (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), म्हणजे प्रकाश एक तृतीयांशापेक्षाही कमी. झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे गेलेलं बरं. डिजिटल झूम तर मेन्यूतून बंदच करून टाका.

थ्रेशरजवळ फ्लॅश मारला की फोटोत पांढरे गोल तरंगताना दिसतात. ती लेन्ससमोरची धूळ. फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असल्याने कणांवरून उजेड थेट परत येतो आणि कण फोकसबाहेर असल्याने गोल दिसतात. फ्लॅश बंद केला की गोल गायब. व्हिडिओत ट्रॅक्टरच्या हेडलाइटमधून उभी जांभळी रेघ निघते, तीही या कॅमेऱ्यातल्या सीसीडी जातीच्या सेन्सरची रीतच आहे. तो बिघाड नाही, दिवा चौकटीबाहेर ठेवा.

खरा दुरुस्तीचा दोष म्हणजे आत शिरलेली धूळ. लेन्स आतबाहेर होताना हवेसोबत धूळ ओढते. जिनिंगच्या आवारात, जिथे रुईचे तंतू उडत असतात, तिथे हा धोका सगळ्यात जास्त. पारख सोपी आहे: निरभ्र आकाशाचे दोन फोटो काढा, एक झूम मागे घेऊन, एक पूर्ण झूमला. राखाडी डाग दोन्हींत त्याच जागी असेल तर धूळ सेन्सरवर बसलेली आहे. ती काढायला कॅमेरा उघडावा लागतो आणि फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरचा झटका जोराचा बसतो, म्हणून घरी उघडू नका. सेकंडहँड घेताना हीच पारख दुकानाबाहेर उभं राहून करा. डाग दिसला तर तो कॅमेरा घेऊ नका.

कंपनीने वापरासाठी 40 अंशांची मर्यादा दिली आहे. आपल्याकडचा मे महिना ती सहज ओलांडतो आणि तापलेला सेन्सर जास्त दाणे देतो. ट्रॅक्टरवर उन्हात न ठेवता कापडी पिशवीत, सावलीत ठेवा. पावसाळ्यात बुरशीपासून लेन्स जपायला घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या पुरतात. तांदळात ठेवू नका, त्याची पूड लेन्सच्या फटीत जाते.

दिवसाउजेडी पिकाचे, रोग-किडीचे फोटो घ्यायला हा कॅमेरा जरूर घ्या. रात्रीच्या लग्नासाठी घेऊ नका.