ठाण्यात नौपाड्यातलं गुडघ्यांचं फिजिओ सेंटर: चार स्टार, पाचवा लिफ्टने खाल्ला

आधी तक्रार करून घेते म्हणजे मोकळी होते. गुडघ्याचे पेशंट जिथे येतात ते सेंटर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. मी पहिल्यांदा गेले तेव्हा 'काम चालू आहे' असा कागद चिकटवलेला होता, चार महिने झाले कागद तोच आहे, सेलोटेप तेवढी नवीन लावलीये. ३४ पायऱ्या आहेत, मोजल्यात. माझा भाचा कुबड्यांवर होता तेव्हा पायऱ्यांवर बसून एकेक पायरी मागे सरकत वर चढला आणि मी खालून कुबड्या घेऊन. पार्किंगचं तर नावच काढू नका, गोखले रोडच्या आतली गल्ली आहे, रिक्षाने जा.

आता एवढं असूनही आम्ही दोघं तिथेच का जातो ते सांगते, जरा लांबेल.

२००९ साली मी १७ वर्षांची होते, डाव्या कोपऱ्यावर कबड्डी खेळायचे. एका मॅचमध्ये समोरच्या मुलीचा घोटा धरला, मागून आमच्याच दोघी अंगावर आल्या, पाय मातीत रुतलेला आणि गुडघा पिळला गेला. टक् असा आवाज मला आतून आला. तरी मॅच पूर्ण खेळले, दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा नारळाएवढा. मग एमआरआय, मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली गादी फाटलीये, फाटलेलं काढून टाकू, दुर्बिणीतून, छोटंसं ऑपरेशन. खरंच छोटंसं होतं. दोन भोकं, तिसऱ्या आठवड्यात कॉलेज, अडीच महिन्यांनी परत मैदानात. घरी पेढे वाटले. पुढे काय होऊ शकतं हे कोणी बोललं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, खोटं कशाला बोलू.

पुढची बारा-तेरा वर्षं काही नाही. मग तिशी ओलांडली आणि ठाणे स्टेशनचा पूल उतरताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला ठणका मारायला लागला. चढताना नाही, उतरतानाच. संध्याकाळी जरा सूज. हळदीकुंकवाला गेले तर खाली बसू की खुर्ची मागू ही लाज वेगळीच. घोडबंदर रोडला एका ठिकाणी दाखवलं, तिथे सात मिनिटांत इंजेक्शनांच्या पॅकेजचा कागद हातात दिला, गुडघ्याला हातसुद्धा न लावता. पळून आले.

या सेंटरला पहिल्या दिवशी ५० मिनिटं घेतली. तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड आहे का?" १६ वर्षांपूर्वीचं कार्ड कोण ठेवतं? माझी आई ठेवते. रेशन कार्डाच्या झेरॉक्सबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं, पिवळं पडलेलं. दुसऱ्या खेपेला नेलं. त्यांनी वाचलं, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "सबटोटल मेडियल मेनिस्केक्टमी लिहिलंय. आतल्या बाजूची गादी जवळजवळ सगळी काढलीये." मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत होते की थोडासा तुकडा काढला.

आई बरोबर होती, तिला गादी म्हणजे काय ते कळेना. मॅडम म्हणाल्या, "काकू, हंडा डोक्यावर घेताना चुंबळ ठेवायचात ना? मांडीचं हाड खाली गोल, नडगीचं वरून सपाट, मध्ये ही चुंबळ. चुंबळ काढली की हंड्याचा सगळा भार एकाच जागी टेकतो." आईला लगेच कळलं. मला पण, खरं सांगायचं तर १६ वर्षांत पहिल्यांदाच.

आणि गादी म्हणजे एक नाही, प्रत्येक गुडघ्यात दोन असतात, इंग्रजी सी अक्षरासारख्या, आतली आणि बाहेरची. प्रत्येक गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो त्यामुळे तिथली फाट शिवली तर जुळायची शक्यता चांगली, आतल्या पातळ भागाला रक्तच नाही त्यामुळे तिथलं भरून येणं कठीण. म्हणून काहींची शिवतात, काहींची कापतात. मी लगेच तावातावाने विचारलं, मग माझी का नाही शिवली? त्यावर मॅडम त्या जुन्या डॉक्टरांवर घसरल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या कार्डावर कॉम्प्लेक्स टेअर लिहिलंय, चिंध्या झाल्या असतील तर शिवण्यासारखी नसेलही, आता कोणी सांगू शकत नाही.

मग मी तेच केलं जे सगळे करतात, रात्री दोनपर्यंत मोबाइलवर वाचत बसले. १९४८ साली फेअरबँक नावाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की गादी काढलेल्या गुडघ्यांच्या एक्सरेत पुढे बदल दिसतात, दोन हाडांमधली फट कमी होते, हाडाची कड वाढते. १९४८! स्कॉटलंडमध्ये डंडीला, किशोरवयात पूर्ण गादी काढलेल्या ५३ जणांना ४० वर्षांनी शोधून तपासलं, त्यातल्या ७ जणांचा गुडघा तोवर बदलावा लागला होता. सकाळी रडवेल्या आवाजात फोन केला तर मॅडम हसल्या नाहीत, पण म्हणाल्या की ती सगळी जुनी, उघडून केलेली, पूर्ण गादी काढायची ऑपरेशनं, आताची बहुतेक थोडाच भाग काढतात, तुमचं त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि ७ मोजलेत तर उरलेले ४६ पण मोजा. हे मात्र पटलं. गोड गोड नाही बोलल्या आणि घाबरवलंही नाही.

तपासणी कशी करतात ते सांगते. एक्सरे झोपून काढलेला चालत नाही, उभं राहून, पायावर वजन देऊन काढायला लावतात, नाहीतर फट खरी दिसत नाही. माझी आतल्या बाजूची फट कमी झालेली निघाली, म्हणजे झीज सुरू. मग शिंप्याची टेप. गुडघ्याच्या वाटीच्या वर १५ सेंटीमीटरवर पेनाने खूण आणि दोन्ही मांड्यांचा घेर. ऑपरेशनवाली मांडी अडीच सेंटीमीटर बारीक! इतकी वर्षं जीन्स घालतेय, कधी लक्षातच आलं नाही. स्टुलावरून एका पायावर उठायचं, चांगल्या पायाने २१ वेळा, दुसऱ्याने ८ आणि आठव्याला भिंत धरली.

गेलेली गादी परत येत नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. स्नायू वाढवायचे, वजन आटोक्यात ठेवायचं, भार सहन करायची ताकद तयार करायची, एवढंच हातात आहे. मशीन लावून पडून राहायचं असलं काही नाही, घाम काढतात. पहिले पंधरा दिवस मी शिव्या घातल्या, मनात. आता साडेतीन महिने झाले, मांडीचा फरक दीड सेंटीमीटरवर आलाय, स्टुलावरून त्या पायाने १७ वेळा उठते, पूल कठडा न धरता उतरते, उपवनला रोज चार किलोमीटर चालते. दुखतं का? हो, पावसात आणि लग्नात उभं राहिल्यावर. पळणं बंद म्हणाल्या नाहीत, हळूहळू बघू म्हणाल्या.

आता भाचा. वय १७, माझंच तेव्हाचं वय, म्हणून माझा जीव जास्त अडकलाय. टर्फवर फुटबॉल खेळताना वळला आणि गुडघा लॉक, सरळच होईना. बकेट हँडल टेअर, गादीचा फाटलेला पट्टा बादलीच्या कडीसारखा पलटी होऊन मध्ये अडकतो. याची शिवली. सहा आठवडे कुबड्या आणि ब्रेस, गुडघा ९० अंशांच्या पुढे वाकवायचा नाही, खेळ किमान सहा महिन्यांनी. त्याच्या मित्राची फाटलेली कापून काढली, तो सहा आठवड्यांत मैदानात, त्यामुळे घरात रोज "मावशी, माझी पण कापायला हवी होती" हे ऐकतेय. काय बोलणार, मी अडीच महिन्यांत परतले होते याचे पेढे खाल्लेत त्याच्या आईने.

शिवलेली टिकेलच असंही नाही. पाच वर्षांच्या पुढचे आकडे बघितले तर साधारण चारातली एक शिवण फेल जाते, मॅडमनीच पहिल्या दिवशी त्याच्यासमोर सांगितलं. मला वाटलं पोराला कशाला सांगायचं, पण त्यानंतर तो व्यायाम बुडवत नाही. आणि प्रत्येक फाटीला ऑपरेशन हवंच असंही नसतं, डेन्मार्कमध्ये १८ ते ४० वयाच्या १२१ जणांवर अभ्यास झाला, अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन आणि अर्ध्यांना आधी व्यायाम, वर्षाने दोन्हीकडे जवळपास सारखीच सुधारणा. व्यायामवाल्यांतल्या साधारण चौथ्या हिश्श्याला नंतर ऑपरेशन लागलं. अर्थात गुडघा अडकूनच बसलाय तर हे लागू नाही, म्हणून भाच्याचं थांबवलं नाही.

परवा त्याची एका पायावर उडी मारायची टेस्ट झाली. चांगल्या पायाच्या ८४ टक्के आली, मैदानात परतायला ९० लागते. मॅडम म्हणाल्या पुढच्या महिन्यात परत. तो तोंड फुगवून खाली गेला, ३४ पायऱ्या धडधडत, आणि मी पैसे देऊन उतरले तर गल्लीत दोन स्कूटरींच्या मध्ये उड्या मारून पावलांनी अंतर मोजत होता.

फी एका वेळेचे ७०० रुपये, दहाचं पॅकेज घ्या म्हणून रिसेप्शनवरची मुलगी जरा मागे लागते, मी सुटंच देते, कोणी काही बोलत नाही. संध्याकाळी सातनंतर जाऊ नका, एकच मॅडम आणि सहा पेशंट असतात, मग असिस्टंट मुलं बघतात आणि त्यांचं अर्धं लक्ष गाण्यांत. सकाळी आठचा स्लॉट बेस्ट. जुनी फाईल सापडली तर न्या आणि शॉर्ट्स घरून न्या, तिथे देतात त्या निळ्या हाफपँटची नाडी तुटलेली आहे.